परिचर्येची पदवी आणि नोकरीची शाश्वती



भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या मार्गावरील मिसरोद हे पूर्वीचे खेडे. आज ते महानगराला जोडले गेले आहे. बारावी झालेल्या मुलीला परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, अभ्यासक्रमास पाठवावे काय, असा प्रश्न येथील पालकांना पडणे स्वाभाविक आहे.

या क्षेत्रात कामाला तोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात ५८ लाख परिचारिकांची उणीव होती. भोपाळसह देशातील एम्स रुग्णालयांतील परिचर्या अधिकाऱ्यांची पदे सामायिक परीक्षेद्वारे भरली जातात. ग्रामीण उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही परिचर्या पदवीधरांची नेमणूक होते. परदेशातही मागणी आहे. मात्र तेथील भाषा व परीक्षा यांचा अडसर पार करावा लागतो.

तथापि, मागणी आहे म्हणून प्रत्येक पदवीधरास नोकरी मिळेल, असे समजणे धोक्याचे आहे. मध्य प्रदेशाने त्याचा कटू अनुभव घेतला आहे. पुरेशी इमारत, अध्यापक वा रुग्णालय नसतानाही अनेक महाविद्यालयांना मान्यता मिळाल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपविला. तीनशेहून अधिक महाविद्यालयांपैकी १६९ पात्र ठरली. पुढे मे २०२४ मध्ये तपासणी पथकातील अधिकाऱ्यांनाच लाचेच्या आरोपावरून अटक झाली आणि न्यायालयाने फेरतपासणीचा आदेश दिला. यात सर्वाधिक हानी झाली ती विद्यार्थ्यांची. २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या परीक्षा दीर्घकाळ रखडल्या. शुल्क भरले गेले, वर्षे गेली, हाती मात्र काही आले नाही.

ही विद्या रुग्णाच्या खाटेपाशीच शिकावी लागते. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने, जे १९०९ साली स्थापन झाले, आपल्या विद्यार्थिनींना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले, ते याच कारणाने. नाडी पाहणे, सलाईन लावणे, औषधाची मात्रा मोजणे, प्रसूतीच्या वेळी मातेजवळ उभे राहणे, हे सारे केवळ पुस्तक वाचून साधत नाही. मात्रेत एका शून्याची चूक झाली तरी रुग्णाच्या जिवावर बेतते.

यास्तव प्रवेशापूर्वी पालकांनी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. चालू वर्षाची मान्यता व विद्यापीठाची संलग्नता लेखी पाहावी. पदवी अभ्यासक्रमासाठी संस्थेचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे, तसेच १० विद्यार्थ्यांमागे १ अध्यापक असावा, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. ते रुग्णालय कोठे आहे, हे विचारावे आणि एखाद्या सकाळी तेथे जाऊन खाटांवर रुग्ण आहेत काय, हे पाहावे. मागील तुकडीची परीक्षा वेळेवर झाली काय, याची चौकशी तेथील विद्यार्थिनींकडेच करावी. हजेरीची सक्ती नाही, घरबसल्या पदवी मिळेल, असे कोणी सांगू लागल्यास तेथून परत फिरावे.

शिक्षकांनी ही माहिती बारावीच्या वर्गात द्यावी. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी खाटा स्वतः मोजाव्यात. आज परिचर्येच्या वर्गात बसणारी मुलगी उद्या कोणाच्या तरी आईच्या उशाशी उभी राहणार आहे. त्या घटकेला तिच्या हाताला काम येत असेल, तर नोकरी तिला शोधत येईल आणि रुग्णही सुखरूप घरी परतेल.