दीडशे मीटरला शोध बंद

मी नाशिकचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि सुट्टी मिळाली की कामशेतला पॅराग्लायडिंगला पळणारा. आजचा विषय : हवेत असताना वर नेणारी हवाच संपली, तर काय करायचं?

आधी थोडं बेसिक. पॅराग्लायडरला इंजिन नसतं. उन्हाने तापलेली जमीन हवा तापवते, ती वर चढते. त्याला थर्मल म्हणतात. घार पंख न हलवता गिरक्या घेते ना, ती त्यातच. थर्मल सुटला की आपण खाली. मोठी, ताठ पंखांची ग्लायडर्स एक मीटर उंची खर्चून तीसेक मीटर पुढे जातात. आमची कापडी विंग साधारण आठ.

गेल्या फेब्रुवारीत असाच थर्मल सुटला. व्हेरिओ, म्हणजे चढ-उतार सांगणारं यंत्र, चढाचं बीप-बीप करायचं थांबलं. खाली भाताची रिकामी खाचरं. पुढे पाचशे मीटरवर रस्ता, तिथे आमची जीप आणि जेवणाचा डबा. उंची दीडशे मीटर. डोक्यात गणित : १५० गुणिले ८, म्हणजे १,२०० मीटर. आरामात पोचतो!

पण वारा धरलाच नव्हता. विंगचा वेग ताशी ३६ किमी, समोरून वारा १८. अंतर निम्मं, ६०० मीटर. त्यात थर्मलच्या आजूबाजूची हवा खाली बसत असते. उतरण्याचा वेग दुप्पट झाला की उरले ३००.

एक साधी खूण असते. समोरची जागा नजरेत वर सरकत असेल तर आपण तिथे पोचत नाही. खाली सरकली तर ओलांडणार. स्थिर राहिली तर तिथेच टेकणार. रस्ता वर सरकत होता. हे दिसत असूनही मी दहा सेकंद ‘मिळेल एखादा थर्मल’ म्हणत तसाच गेलो. ते दहा सेकंद अजून टोचतात.

मग रस्ता सोडला. धूर कुठे वाहतोय ते पाहून वाऱ्याकडे तोंड केलं आणि खाचरात धसकटांवर उतरलो.

बांधावरून एक आजोबा आले. म्हणाले, “बरं झालं हितंच उतरलास पोरा. रस्त्याच्या कडंनं लाईनीच्या तारा हायेत.” वळून बघितलं. खरंच होत्या. वरून मला एकही दिसली नव्हती.

तेव्हापासून माझे तीन नियम. दीडशे मीटरला थर्मलचा शोध बंद. जागा त्याच्या आधीच ठरलेली. आणि तार शोधायची नाही, खांब शोधायचे. दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरायचं. आमच्या नाशिकच्या द्राक्षबागा वरून हिरव्या गादीसारख्या दिसतात, पण त्या मांडवात लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात.

ऑफिसातही हेच. रिलीज फसला तर मागे कधी फिरायचं, हे आम्ही रिलीजच्या आधी लिहून ठेवतो. कारण ऐन वेळी प्रत्येकाला वाटतं, अजून पाच मिनिटं बघू.

त्या दिवशी दोन किलोमीटर चालत जीपपाशी गेलो. डबा गार झाला होता. मस्त लागला.

भेटू पुढच्या भागात!