कोळीवाड्यातला मालिकांचा फड

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मुरूड-रेवदंड्याकडच्या कोळीवाड्यांत होड्या शाकारलेल्या असतात आणि जाळी शिवता शिवता मालिकांवरचा वाद रंगतो.

'आई कुठे काय करते' २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षं चालली. मूळ कथा बंगाली मालिकेची. नायिका अरुंधतीनं नवऱ्याला सोडलं, दुसरं लग्न केलं, यावर घराघरांत दोन तट. पण ज्या कोळणीनं जन्मभर पाटी घेऊन बाजार केला, हिशेब स्वतःच्या कनवटीला ठेवला, ती विचारते, "अगो, संसाराची पंचवीस वर्षं गप का बसली ही?" वर्तमानपत्री समीक्षेपेक्षा मला हा प्रश्न नेमका वाटतो.

२०१६ची भयमालिका 'रात्रीस खेळ चाले' सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रित झाली. कोकण म्हणजे भुतंखेतं का, म्हणून तिकडे विरोध झाला. आपल्या किनाऱ्यावरची तक्रार निराळी: पडद्यावरचं कोकण मालवणी बोलतं, आगरी-कोळी बोली मात्र बहुधा हशा पिकवण्यापुरतीच येते. ही तक्रार खरी आहे. बाजारात दराची घासाघीस करणारी, प्रसंगी भांडणारी, रडणारी ही बोली नायिकेच्या तोंडी का नको?