सैनिकाचा गुडघा



गेल्या पावसाळ्यांत माझ्याकडे एक निवृत्त हवालदार आले होते. दोन जिने चढतांना ते तीनदां थांबले. खुर्चीवर टेकल्यावर त्यांनीं पिशवींतून एक कागद काढला. सदर विकार सैनिकी सेवेमुळें उद्भवलेला नाहीं आणि सेवेमुळें बळावलेलाहि नाहीं, असा वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय त्यांत होता. मूळच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून फौजेंत या शेऱ्याला 'नाना' म्हणतात. आपल्या घरांतले नाना कोणाला विन्मुख पाठवीत नाहींत. फौजेंतला हा नाना मात्र अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावरच पाणी सोडावयास लावतो.

हवालदार मला म्हणाले, "साहेब, भरतीच्या वेळीं डॉक्टरांनीं पळवून, उकिडवें बसवून, गुडघे जुळवून पाहिले. तेव्हां गुडघा सरकारी मापाचा होता. मग आतांच तो माझ्या घरचा कसा झाला?"

कायद्याचा सारा वाद या एका प्रश्नांत सांठवलेला आहे.

संधिवात हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. सैनिकांत आढळणारा नेहमींचा प्रकार म्हणजे सांध्यांतील कूर्चेची झीज. हाडांच्या टोकांवरील या गुळगुळीत आवरणांत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळें तें एकदां दुखावलें म्हणजे नीट भरून येत नाहीं. पंचविसाव्या वर्षीं पाठीवर ओझें घेऊन उतरतांना गुडघा मुरगळतो, आठ दिवसांची विश्रांति मिळते, जवान पुन्हां रांगेंत उभा राहतो. आणि त्या मुरगळण्याचें खरें बिल पंचेचाळिसाव्या वर्षीं येतें. तोंपर्यंत आठ दिवसांच्या विश्रांतीची चिठ्ठी कोठें गेली, हें कोणास ठाऊक? कण्याला जखडून टाकणारा दुसरा एक प्रकार आहे. तो बहुधा ऐन तारुण्यांत सुरू होतो व त्याचा कल कांहीं अंशीं आनुवंशिक असतो. असा विकार दिसला कीं 'प्रकृतिगत' हा शब्द वैद्यकीय मंडळाच्या लेखणींत तयारच असतो. परंतु नियम केवळ उगमच विचारीत नाहीं. विकार सेवेमुळें उद्भवला किंवा सेवेमुळें बळावला, यांपैकीं एक गोष्ट पुरते. बीज घरचें असलें तरी बर्फांतल्या पहाऱ्यांनीं तें वाढविलें काय, हा निराळा प्रश्न आहे, आणि माझ्या मतें पुष्कळ अभिप्रायांत तो विचारलाच जात नाहीं.

१९८२ च्या नियमांत सैनिकाच्या बाजूचीं दोन गृहीतकें होतीं. भरतीच्या वेळीं कागदावर दोष नोंदलेला नसेल तर तो मनुष्य तेव्हां निरोगी होता असें मानावें; आणि पुराव्याचा भार त्याच्यावर न टाकतां वाजवी संशयाचा फायदा त्यास द्यावा. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें धरमवीर सिंग यांच्या प्रकरणांत याच नियमांचा आधार घेतला. तेथें विकार अपस्माराचा होता. पण तत्त्व गुडघ्यासहि तेंच. मंडळानें कारणें न देतां नुसता नकार लिहिला तर तो टिकत नाहीं. अर्थात् दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. वैद्यकीय मंडळाच्या मताला मान द्यावा असें सांगणारे निकालहि त्याच न्यायालयानें पूर्वीं दिलेले आहेत. म्हणून कारणें देऊन लिहिलेल्या अभिप्रायाशीं झगडणें सोपें नसतें. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेबाहेर पडणाऱ्यांस नवे नियम लागू झाले आहेत; त्यांनीं ते वाचल्यावांचून जुन्या निकालांवर भिस्त ठेवूं नये.

आतां पैशाचें. आमच्या हवालदारांना ज्या जुन्या नियमांखालीं पाहावयाचें, त्यांत अपंगत्व निदान २० टक्के ठरावें लागे. पूर्ण अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, व त्याहून कमी असल्यास त्या मानानें, असा हिशेब. म्हणजे २० टक्क्यांस वेतनाचे अवघे ६ टक्के. पण ५० च्या आंतील अपंगत्व ५० धरावें अशी सवलत होती. ती मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांसहि मिळावी, असें १० डिसेंबर २०१४ रोजीं राम अवतार यांच्या प्रकरणांत ठरलें. ६ चे १५ टक्के होणें ही खेड्यांतल्या घरास लहान गोष्ट नव्हे.

नकार आल्यावर सहा महिन्यांत पहिलें अपील, तेंहि फेटाळलें तर दुसरें, आणि नंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, असा क्रम आहे. हें न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानें स्थापन झालें. त्याचें एक पीठ मुंबईस आहे. उशीर झाला म्हणून सर्वच गेलें असें मात्र समजूं नये. तरसेम सिंग १९८३ सालीं सेवेंतून सुटले आणि न्यायालयांत गेले १९९९ सालीं! सर्वोच्च न्यायालयानें २००८ मध्यें त्यांचा हक्क मानला. पण मागील थकबाकी मात्र अर्ज करण्यापूर्वींच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल असें सांगितलें. विलंबानें हक्क बुडत नाहीं, रक्कम बुडते.

हवालदारांना मीं विचारलें, "फौजेंतलीं जुनीं कागदपत्रें कांहीं आहेत काय?" ते म्हणाले, "ट्रंकेंत असतील. पण ट्रंक मंडळींच्या ताब्यांत." पंधरा दिवसांनीं त्यांच्या पत्नीनें लुगड्यांच्या घडींतून काढून दिलेली एक पिंवळी चिठ्ठी घेऊन ते आले. सैनिकी इस्पितळाची ती चिठ्ठी, तीवर उजव्या गुडघ्याचा उल्लेख व तारीख. तिची प्रत जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्यांचें अपील गेलें आहे. त्याबरोबर विलंबाचें कारणहि लिहून दिलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. परवां पुन्हां भेटावयास आले, तेव्हां मीच जिना उतरून खालीं गेलों.