तरसाची बाजू

श्रोतेहो, मी सात-आठ वर्षांचा असताना माझी धाकटी बहीण गेली. जेमतेम चार महिन्यांची होती. आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. कबरस्तान गावाबाहेर, नाल्याच्या काठाला. मूठमाती देऊन झाल्यावर अब्बांनी त्या एवढ्याशा कबरीवर दगड रचले आणि वर बोरीच्या काट्या पसरल्या. मी विचारलं, "अब्बा, तिला टोचतील ना?" ते म्हणाले, "बेटा, त्या तिच्यासाठी नाहीत. रात्री तरस येतं, त्याच्यासाठी आहेत."

त्या दिवसापासून तरसाशी माझं वैर जडलं.

पुढे कितीतरी वर्षांनी धुळ्याहून जळगावला येत होतो. पारोळ्याच्या अलीकडे, पहाटेच्या उजेडात रस्त्याच्या कडेला एक तरस मरून पडलेलं दिसलं. वाहनानं उडवलेलं. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, अंगावर काळे पट्टे, मानेपासून शेपटीपर्यंत आयाळ. जमलेल्यांपैकी कुणी म्हणालं, "कुत्र्याचीच जात." मलाही तसंच वाटलं. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. पण वैऱ्याची ओळख तरी असावी, म्हणून वाचायला घेतलं आणि चकित झालो.

तरस कुत्र्याच्या गोतातलं नाहीच! मांसभक्षक प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत कुत्रा, लांडगा, कोल्हा, अस्वल. दुसरीत मांजर, वाघ, बिबट्या, उदमांजर, मुंगूस. तरस या दुसऱ्या शाखेतलं. मधल्या कानाभोवती हाडाची एक कुपी असते, तिच्या रचनेवरून ही शाखा ओळखता येते. तरसाचं जवळचं नातं तर मुंगसाशी निघतं. आपल्या बांधावरून तुरुतुरु पळणाऱ्या मुंगसाशी!

दोन कोटी वर्षांपूर्वीचे त्याचे पूर्वज उदमांजरासारखे लहानखुरे होते. पुढे या कुळाच्या अनेक जाती झाल्या. काही लांब पायांच्या, कुत्र्यासारख्या धावून शिकार करणाऱ्या. एक शाखा तर पार अमेरिकेपर्यंत गेली. नंतर खऱ्या कुत्र्यांचे पूर्वज अमेरिकेतून आशियात आले, हवामानही पालटलं आणि ते धावणारे तरस मागे पडत गेले. टिकले ते मुख्यतः हाडं फोडणारे. आज जगात या कुळाच्या चारच जाती उरल्या आहेत. पट्टेवालं तरस आपलं. बाकी तिन्ही आफ्रिकेत. त्यातली एक तर वाळवी खाऊन जगते. 'हसणारं तरस' म्हणतात ते आफ्रिकेतलं ठिपकेवालं. ते बरीचशी शिकार स्वतःच करतं. आपलं तरस अबोल, बहुधा एकटं फिरणारं.

अरबीत तरसाला 'दबुअ' म्हणतात आणि दुष्काळी वर्षालाही तोच शब्द आहे. हे कळलं तेव्हा मला आमच्याकडचे थोरले लोक १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगायचे ते आठवलं. गुरं मेली की तरस दिसायचं. दुष्काळ त्यानं आणलेला नसायचा, पण नाव त्याचं व्हायचं.

खरं तर ते रानातला सफाई कामगार. वाघ-बिबट्यानं सोडलेली हाडंसुद्धा फोडून पचवतं. चुना जास्त म्हणून त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी दिसते. पूर्वी मेलेल्या ढोरांवर गिधाडं उतरायची. गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या औषधानं ती संपत आली; २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झालं, पण गिधाडांचं आभाळ रितंच राहिलं. जमिनीवरचा हा कामगार तरी टिकायला हवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण दिलं आहे. पण भरधाव गाडीला आणि बिबट्यासाठी ढोरात घातलेल्या विषाला कायदा दिसत नाही.

श्रोतेहो, बहिणीची कबर आता जमिनीशी एकरूप झाली आहे. मी तिथं जातो तेव्हा अब्बा आठवतात. लेकीला पुरून आलेला तो माणूस. त्या दिवशी त्यांनी काट्या पसरल्या, पण तरसाला शिवी दिली नाही, विष ठेवलं नाही. आपलं राखलं आणि त्याला त्याच्या वाटेनं जाऊ दिलं. मला मात्र एवढं समजायला पन्नाशी यावी लागली.