ठुमरी, लावणी आणि रेडिओच्या पाट्या



माझ्या लहानपणी करोलबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत रात्री कधी कधी मुंबई केंद्र खरखरत लागे. लावणी सुरू झाली की वडील आवाज बारीक करीत. दिल्ली केंद्रावर ठुमरी लागली, तर तोच आवाज मोठा होई. दोहोंतही एक स्त्री प्रियकराची आळवणीच करीत असे. मग हा भेद कोठला, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

निवेदक ठुमरीला उपशास्त्रीय संगीत म्हणे, लावणीला लोकसंगीत. या पाट्या सुरांकडे पाहून लावल्या गेल्या, असे आपण धरून चालतो. परंतु बैठकीची लावणीही रागांच्या आधाराने गायिली जाते. एकच ओळ निरनिराळ्या भावांनी फिरवून मांडली जाते. यमुनाबाई वाईकरांना ज्यांनी ऐकले, त्यांना हे सांगावयास नको.

ठुमरीही मूळची कोठ्यावरचीच. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांच्या खाजगी जीवनाविषयी लोकापवाद आहे अशा गायिकांना रेडिओची दारे बंद झाली. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली विवाहबद्ध झाल्या आणि १९४९ साली लखनौ केंद्रावर पुन्हा गाऊ लागल्या त्या बेगम अख्तर या नावाने. गळा तोच होता! पुढे १९५२ ते १९६२ या काळात खात्याचे मंत्री होते आपलेच मराठी डॉ. बा. वि. केसकर, चित्रपटगीतांवरील त्यांचा रोष सर्वश्रुत आहे. शास्त्रीय संगीताला त्यांनी मानाचे पान दिले, आणि त्याच्या पंक्तीला ठुमरीही बसली. कोल्हाटी, महार, मांग समाजांच्या स्त्रियांनी फडात जोपासलेली लावणी मात्र पंक्तीबाहेरच राहिली. 'लोक' हा शब्द दिसावयास गोड आहे. येथे त्याने जात झाकली, असे माझे मत आहे.

सुलोचना चव्हाण डोईवरचा पदर ढळू न देता लावणी गात. घरंदाज गृहिणीलाही त्या गाण्यासाठी केवढी सावधगिरी बाळगावी लागे!

दोष केवळ सरकारचा नाही. आपल्या मंडळाच्या एका कार्यक्रमपत्रिकेत लावणीपुढे काय छापावे, असे चिटणीसांनी मला विचारले होते. मी बिनदिक्कत 'लोकनृत्य' असे लिहून दिले. वाईकडून आलेल्या वयस्क गायिकेने पत्रिका हातात घेतली, चष्मा नीट केला आणि शांतपणे विचारले, "दादा, आम्ही तर बसून गाणार. नाचणार कोण?"