विहिरीतले पोहणे आणि समुद्राचे पाणी

मावळचा माणूस पाण्याला परका नाही. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस, इंद्रायणी, पवना व सुधा या नद्या आणि त्यांच्या खोऱ्यांतील लहानमोठे जलाशय यांच्या सान्निध्यात नवलाख उंबरे व आसपासची गावे वसलेली आहेत. येथील मुलगा पाठीला डबा बांधून विहिरीत उतरतो आणि दोन उन्हाळ्यांत सफाईने सूर मारू लागतो. ही विद्या मोलाची खरी. परंतु हाच मुलगा पुढे सहलीबरोबर बोरघाट उतरून अलिबाग, मुरूड वा हरिहरेश्वर येथे जातो, तेव्हा त्याच विद्येवरील विश्वास त्याला दगा देऊ शकतो. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते; समुद्राचे पाणी सतत कोठेतरी चाललेले असते.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील 14 विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता की वादळ नव्हते. समुद्र शांत दिसला म्हणजे तो निर्धोक असतो, हा समज किती घातक आहे हे त्या एका दुपारने दाखवून दिले.

लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, त्याला परत जाण्यास वाट हवी असते. वाळूच्या दोन उंचवट्यांमधील खोलगट भागातून ते एकवटून वेगाने आत खेचले जाते. गंमत अशी की, या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. पाणी गडद व सपाट दिसते, आणि नवख्या माणसाला पोहण्यास तीच जागा सर्वांत सोयीची वाटते. ओढीत सापडलेला चांगला पोहणारा सरळ किनाऱ्याकडे हात मारीत राहतो, दमतो आणि बुडतो. ही ओढ माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते. म्हणून तिच्याशी झुंज न घेता प्रथम अंग सैल सोडून तरंगावे, नंतर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर तिरकस किनारा गाठावा. ते साधत नसेल तर उताणे तरंगत हात उंचावून मदत मागावी. सहलीपूर्वी फळ्यावर आकृती काढून हे समजावून देण्यास शिक्षकांना अर्धा तास पुरेल.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. मुंबईच्या परिसरातील कोळी-आगरी मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती अदमासे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पाऊण तास मागे सरते, हेच या हिशेबाचे मर्म. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते व मुंबईजवळ पाणी चार मीटरहून अधिक चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते, पण परतण्याची वेळ चुकली तर चोहोबाजूंनी पाणी! सहलीचा दिवस ठरविताना शाळा सुट्टी पाहतात, बसभाडे पाहतात; तिथी मात्र क्वचितच पाहिली जाते.

नौकेची कथा वेगळी नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सुमारे 700 प्रवाशांपैकी 600 हून अधिक दगावले. खवळलेल्या समुद्रात घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावले आणि बोट कलंडली. नौकेत उभे राहू नये, जागा बदलू नये, या नियमामागे एवढा मोठा अनुभव आहे. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी नौका अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्याने उलटून सहाजण बुडाले. तेथे समुद्र नव्हता. धरणाचेच पाणी होते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आकाश काळवंडू लागले की नौका हाकारू नये, हा संकेत पवनेच्या काठीही तितकाच लागू आहे. जीवरक्षक जाकीट नौकेच्या कोपऱ्यात रचून ठेवण्याची वस्तू नव्हे. ते अंगात घालून, पट्टे आवळून मगच पाय नौकेत टाकावा.

जिल्ह्यातील ताजे दाखलेही थोडे नाहीत. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात अचानक पाणी वाढून एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने इंद्रायणीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस ओढ्याला काही मिनिटांत फुगवितो, खाली ऊन पडलेले असले तरीही. पाणी गढूळ होऊ लागले, त्याबरोबर पालापाचोळा वाहत आला, की सामानाचा मोह सोडून तत्काळ वर चढावे.

बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी उडी घेणारा पुष्कळदा स्वतःच बुडतो. मग तिसरा धावतो. दोर, लांब काठी, मोकळा बंद कॅन, गाडीची फुगविलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते आधी फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे वा कुंभाराच्या चाकावर फिरविणे या प्रकारांत मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि 30 वेळा छाती दाबून 2 श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दूरध्वनी 112 वर करावा; समुद्रात तटरक्षक दलासाठी 1554 आहे.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी याच तालुक्यात, सुदुंबरे येथे आहे. राज्यात कोठेही महापूर वा चक्रीवादळ आले की तेथील जवान धावून जातात. मात्र नवलाख उंबऱ्यापासून सुदुंबरे कितीही जवळ असले, तरी श्वास बंद पडलेल्या माणसाजवळ जेमतेम चार-पाच मिनिटे असतात. तेवढ्या वेळात पोहोचू शकणारी माणसे गावातलीच. पंचायतीने पाणवठ्याजवळ खुंटीला एक दोर, एक तरंगते कडे आणि खोलीचा फलक ठेवावा. दोर कोणी मोटेला वा बैलाला नेणार नाही याची व्यवस्थाही ठरावातच लिहून ठेवावी.