दूरची पोथी, जवळची नक्कल



काशीच्या गंगाकाठी अमृतराव घाट आहे. आज तो बहुधा राजा घाट या नावाने ओळखला जातो. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांकडून सालीना ७ लाखांचा तनखा ठरवून घेऊन उत्तरेत स्थायिक झाले. घाटाला नाव त्यांचे. या गावाशी मराठी माणसाचे नाते तीर्थाचे तसेच पोथीचेही. एकनाथांनी भागवतावरील आपली टीका शके १४९५ मध्ये काशीतच पुरी केली.

आता समजा, या घाटावरच्या एखाद्या मराठी घरातील जीर्ण पोथ्यांची छायाचित्रे काशीतल्या एका लिनक्स सर्व्हरवर ठेवली आहेत, आणि पुण्यातील अभ्यासकाला ती आपल्या संगणकावर हवी आहेत. ती आणावी कशी?

दोन संगणकांमध्ये फाईल नेण्याआणण्याचा पहिला सर्वमान्य करार, एफटीपी, १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. त्यांचा जन्म प्रयागचा, म्हणजे काशीच्या शेजारचाच! परंतु त्या करारात परवलीचा शब्द उघडाच प्रवास करी. पुढे हेलसिंकीच्या एका विद्यापीठात असेच शब्द चोरले गेले, तेव्हा टाटू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही सांकेतिक वाट बांधली. एससीपी ही आज्ञा त्याच वाटेने नक्कल आणते.

नवखा माणूस अडतो तो फार साध्या ठिकाणी. तो आधी सर्व्हरमध्ये शिरतो आणि तेथून ‘माझ्या संगणकावर पाठव’ म्हणतो. काशीतल्या यंत्राला पुण्यातले घर ठाऊक नसते. आज्ञा आपल्याच संगणकावर द्यावी: आधी मूळ कोठे आहे ते, मग नक्कल कोठे हवी ते. सर्व्हरचे नाव लिहून पुढे विसर्गासारखी दोन टिंबे दिली की ती जागा परगावची, हे यंत्राला कळते. पहिल्या भेटीत सर्व्हर आपल्या किल्लीचा ठसा दाखवतो. बहुतेक लोक न वाचताच होकार देतात; तो ठसा काशीतल्या माणसाकडून ताडून घ्यावा हे बरे.

हजारो छायाचित्रे असली आणि तार मध्येच तुटत असली, तर आर्सिंक वापरावे. ट्रिजेल आणि मॅकेरास यांनी १९९६ साली ते ऑस्ट्रेलियात रचले. पोचलेल्या फाईली ते पुन्हा आणत नाही. मात्र एक मेख आहे. फाईल तीच की नाही, हे ते एरवी आकार आणि वेळ पाहूनच ठरवते. आकार व वेळ जुळूनही आतला मजकूर बिघडलेला असला, तर ते निर्धास्तपणे पुढे जाते!

शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तो पाने मोजून नव्हे. आर्सिंकलाही ‘चेकसम’ असा पर्याय देऊन मजकूर तपासावयास लावता येते. वेळ लागतो, लागू द्यावा. याउलट ‘डिलीट’ हा पर्याय जपून वापरावा. मुळात जे नाही ते नकलेतूनही तो पुसतो. सर्व्हरवरचा कप्पा चुकून रिकामा झाला असेल, तर पुण्याची प्रतही रिकामी होईल.

मूळ पोथीला वाळवी लागलेली असते, आणि जागा मोकळी करावी म्हणून सर्व्हरवरची छायाचित्रे काढून टाकण्याची घाई कोणाला तरी असते. ती काढण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ अंक काढावा, दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात आणि एखादी ओळ जुळत नसेल, तर ती फाईल काशीहून पुन्हा मागवावी.